गावठी अबोली बियांपासून: बोंड पकडण्यापासून पहिल्या वळेसरापर्यंत

अबोलीचं एकच झाड लावून फारसं काही हाती लागत नाही, हे आधीच सांगते. एका कणसावर, म्हणजे फुलांच्या तुऱ्यावर, एका वेळी दोन-चार फुलं उमलतात, आणि वीतभर वळेसर, म्हणजे गजरा, करायचा तर शंभरेक फुलं सहज लागतात, म्हणजे घरच्या अबोलीचा गजरा माळायचा असेल तर दहा-पंधरा झाडं तरी हवीत. नर्सरीतून पंधरा कुंड्या विकत आणायच्या म्हणजे खर्च, आणि एवढं करून मिळते ती बहुतेक वेळा वेगळीच अबोली. त्यापेक्षा एका चांगल्या गावठी झाडावरची सात-आठ कणसं सुकवली तर दोन-तीन ट्रे भरतील एवढं बी मिळतं, फुकट. म्हणून मी सगळ्यांना सांगते की बियांपासून लावा. वेळ लागतो पण अवघड अजिबात नाही, फक्त दोन-तीन गोष्टी आधी माहिती पाहिजेत, आणि त्याच कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्याकडची अबोली बी धरणारी आहे का ते बघा. मी पुण्याला राहायला आल्यावर एका नर्सरीतून छान मोठ्या केशरी फुलांची अबोली आणली, भरपूर फुलायची, आणि मी दोन वर्षं बियांची वाट बघत बसले. कणसं वाळायची पण आत बोंडच नाही. नंतर कळलं की ही जी मोठ्या फुलांची, गडद केशरी, बाजारात 'दिल्ली' नावाने चालते ती ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, आपल्या खायच्या केळ्यासारखं, त्यामुळे तिला बी धरतच नाही. ती फक्त फांद्या लावून वाढवायची. त्यात तिचा दोष काही नाही, फुलं सुंदर असतात, पण बियांसाठी ती उपयोगाची नाही. बियांसाठी आपली गावठी, कोकणात आणि गोव्यात तुळशीच्या आजूबाजूला असते ती, थोडी लहान फुलं, फिकट केशरी, ज्याला आपण अबोली रंग म्हणतो तोच रंग. पिवळी पण मिळते, तिलाही बी धरतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे वाळलेलं कणीस हातात घेऊन एक-दोन हिरवट पाकळ्यांसारखी पानं बाजूला करा, आत टणक, टोकदार, सेंटिमीटरभराचं बोंड लागलं की झालं, नुसती पोकळ सालं असतील तर ते झाड सोडून द्या.

माझ्या आजीचं घर कुडाळ तालुक्यात, तिथे विहिरीच्या पाठीमागे अबोलीचा वाफाच होता आणि कोणी लावलेला नव्हता, दर पावसाळ्यात आपोआप नवी रोपं यायची. लहानपणी वाटायचं तिथली मातीच तशी आहे. मातीचा भाग आहेच, पण खरी गंमत बोंडात आहे. तेरड्याचं बोंड कसं पिकलं की हात लावल्यावर फुटतं, अबोलीचं तसं नाही. ते वाळून कडक होतं आणि तसंच महिनोन्‌महिने राहतं, तुम्ही कितीही हात लावा. पाणी लागलं की मात्र फुटतं. पहिल्या पावसाच्या सरीत टक्‌ टक्‌ असा आवाज येतो आणि बिया लांब उडतात. इंग्रजीत हिला फायरक्रॅकर फ्लॉवर म्हणतात ते उगीच नाही. झाडाच्या दृष्टीने विचार केला तर किती शहाणपणाचं आहे बघा, उन्हाळ्यात बी टाकून उपयोग नाही, पाणी आलं की टाकायचं, म्हणजे बी पडलं आणि लगेच ओल मिळाली. कोरांटी हिच्याच कुळातली, तिची बोंडंही अशीच बी उडवतात.

आता यातून दोन गोष्टी निघतात. एक, बी गोळा करायचं असेल तर कणसाला पाणी लागू द्यायचं नाही. पाइपने वरून पाणी मारायची सवय असेल तर ती बंद, बुडाशी पाणी घाला. माझं पहिल्या वर्षीचं सगळं बी असंच गेलं, मे महिन्यात छान तपकिरी झालेली कणसं उद्या काढू म्हणून ठेवली आणि रात्री वळवाचा पाऊस आला, सकाळी सगळी बोंडं उघडी, बिया कुठे गेल्या पत्ता नाही. (काही शेजारच्या जास्वंदीच्या कुंडीत उगवल्या नंतर, त्या मी अजून जपल्या आहेत.) दुसरी गोष्ट, बी काढायला सोलत बसायची गरज नाही, पाणीच ते काम करतं.

बी धरायला ठेवायचं असेल त्या कणसांची फुलं तोडू नका. हे सांगावं लागतं कारण घरात अबोली फुलली की रोज सगळी फुलं खुडायचा हात थांबत नाही. झाडावरची चांगली जाड चार-पाच कणसं निवडा, त्यांना रंगीत दोरा बांधा, घरातल्या सगळ्यांना सांगा की दोऱ्याची कणसं सोडायची. फुलं खालून वर उमलत जातात, तशीच बोंडंही खालून वर पिकतात. पूर्ण कणीस तपकिरी झालं, देठाचा पण वरचा भाग वाळला की कोरड्या दिवशी दुपारी कात्रीने कापून घ्यायचं. सकाळी नको, दव असतं. वर थोडं हिरवं राहिलं असेल तरी चालेल पण खालचा भाग मात्र खडखडीत वाळलेला पाहिजे. पावसाची भीती असेल तर कणसावर जुन्या मलमलीच्या कापडाची छोटी पिशवी बांधून ठेवा, मग फुटलं तरी बी पिशवीत राहतं. प्लॅस्टिकची बांधू नका, आत घाम येतो आणि तेवढ्या ओलाव्यानेही बोंडं फुटतात, वर बुरशी धरते ती वेगळीच.

कापलेली कणसं कागदी पाकिटात ठेवा, लावायच्या दिवशी काढा. आता एक झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, कणसं आत ठेवा, हाताने चार थेंब पाणी शिंपडा आणि झाकण लावा. थोड्या वेळात आतून टक्‌ टक्‌ सुरू होतं, बिया झाकणावर आपटतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना बोलवा, माझी भाची डबा कानाला लावून बसते. आवाज थांबला की अजून एकदा शिंपडा, काही बोंडं आळशी असतात. एका बोंडात जास्तीत जास्त चार बिया, चपट्या, तपकिरी, वर बारीक खवल्यासारखं काहीतरी असतं आणि ओल्या झाल्या की बोटाला चिकटतात. चिकटल्या तर ओढाताण करू नका, बोट कोरड्या मातीत घोळवा.

या ओल्या झालेल्या बिया त्याच दिवशी पेरून टाका. ठेवायच्या असतील तर कणसं तशीच कोरडी, न फोडता ठेवायची, बोंड हाच तिचा उत्तम डबा आहे. पण फार वर्षं ठेवू नका, जितकं ताजं बी तितकं चांगलं उगवतं, आधीच्या हंगामातलं या हंगामात लावलं की झालं.

लावायचं कधी, तर कोकणात, मुंबईत, गोव्यात थंडी अशी नसतेच त्यामुळे भर पाऊस सोडून कधीही. पुणे, नाशिक, नगर, विदर्भ इकडे मात्र डिसेंबर-जानेवारीत अजिबात नको, रात्री गार असतात आणि बी नुसतं मातीत बसून राहतं, कुजतं. मला सगळ्यात चांगला अनुभव दोन वेळांचा आहे. एक फेब्रुवारीचा शेवट, म्हणजे थंडी गेली आणि ऊन अजून कडक झालं नाही, आणि दुसरा मे अखेर ते मृग. मृगात लावलं तर निसर्ग निम्मं काम करतो, फक्त ट्रे आडोशाला ठेवावा लागतो, नाहीतर मोठ्या सरीने बी वाहून जातं. परदेशात असणाऱ्यांनी, म्हणजे माझी बहीण आहे इंग्लंडमध्ये, तिने मे महिन्यात घरात खिडकीपाशी ट्रे ठेवला होता आणि खाली सीडलिंग हीट मॅट, कारण हिला वीस-बावीस अंशाच्या खाली उगवायचा कंटाळा येतो, पंचवीसच्या आसपास सगळ्यात बरं. तिथे ती घरातलं झाड म्हणूनच वाढवायची, बाहेर हिवाळ्यात जगणार नाही.

माती साधी ठेवा. एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं गांडूळखत, सगळं चाळून. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढाच, त्यात खार असतो. ताजं शेणखत बिलकुल नको. आणि एक महत्त्वाचं, कुंडीतली जुनी माती, विशेषतः ज्यात टोमॅटो, वांगी, भेंडी लावली होती ती माती अबोलीला वापरू नका. कारण पुढे सांगते.

पेरताना खोल घालू नका, ही चूक सगळेच करतात. बी मातीवर आडवं ठेवायचं, वर दोन-तीन मिलिमीटर बारीक कोकोपीट भुरभुरायचं, जेमतेम झाकलं गेलं पाहिजे. प्रोट्रे असेल तर एका खणात एक बी, नसेल तर दह्याचे रिकामे डबे बुडाला भोकं पाडून चालतात, बियांमध्ये दोन-तीन बोटं अंतर ठेवा. पाणी वरून झारीने नाही, डबा पाण्याच्या ताटात ठेवायचा आणि माती वरपर्यंत ओली झाली की काढायचा. त्यानंतर रोज फक्त स्प्रे. वर एखादी पारदर्शक पिशवी सैल ठेवली तरी चालते पण दिवसातून एकदा काढून वारा द्या. उजेड हवा, पण कडक ऊन नको.

आणि मग वाट बघायची. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण इथेच बहुतेक लोक हरतात. अबोली मेथीसारखी सगळी एकदम उगवत नाही. पहिली रोपं दोन आठवड्यांत दिसतात, मग काहीच नाही, आपल्याला वाटतं संपलं, आणि मग महिन्याने अजून चार येतात, मग दीड महिन्याने अजून दोन. ट्रे फेकू नका. उगवलेली रोपं मोठी झाली की हलक्या हाताने काढून दुसरीकडे लावा आणि उरलेला ट्रे ओला ठेवून तसाच राहू द्या. माझ्याकडे एका वेळी चोवीस खणांतून सतरा आली, त्यातली पाच शेवटची, सगळ्यांनी फेकून दे सांगितल्यावर पण मी ट्रे ठेवला होता म्हणून.

उगवताना दोन गोलसर बीजपत्रं येतात, मग खरी पानं, चकचकीत गडद हिरवी, कडेला थोडी लाटेसारखी, ती दिसली की ओळख पटते. या काळात सगळ्यात मोठा धोका मरीचा, म्हणजे काल छान उभं असलेलं रोप आज बुडाशी काळं पडून आडवं. माती सतत चिखल झाली की हे होतं. पाणी कमी करा, वारा येऊ द्या, पेरायच्या आधी मातीत चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळली तर बराच फरक पडतो, मी आता नेहमी मिसळते. एकदा कोलमडलेलं रोप परत उभं राहत नाही, ते मातीसकट काढून टाका म्हणजे शेजारच्याला लागणार नाही.

चार ते सहा खरी पानं आली, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी, की रोप हलवायचं. संध्याकाळी हलवा, मुळं मोकळी करायला जाऊ नका, मातीच्या गोळ्यासकट. कुंडी असेल तर आठ-दहा इंचाची एकाला एक, जमिनीत वाफा करायचा असेल तर दोन झाडांत फूटभर आणि दोन ओळींत दोन फूट. दाटीने लावायचा मोह होतो, पण अबोली पसरते आणि दाटीत वारा खेळत नाही. लावताना मूठभर निंबोळी पेंड खड्ड्यात टाका.

निंबोळी पेंड का, तर आता ते जुन्या मातीचं. अबोलीचा सगळ्यात मोठा शत्रू डोळ्याला दिसत नाही, तो म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. झाड वर नुसतं मरगळल्यासारखं होतं, पानं फिकट, वाढ थांबलेली, दुपारी माना टाकतं, आपण पाणी वाढवतो, खत वाढवतो, काही होत नाही. उपटून बघितलं की मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी. वांगी, टोमॅटो, भेंडी यांनाही हेच कृमी लागतात म्हणून त्यांची माती नको म्हटलं. एकदा लागलं की घरगुती उपायाने झाड बरं होत नाही, ते मुळासकट काढा, खताच्या ड्रममध्ये टाकू नका, आणि त्या जागी पुन्हा अबोली नको, एक-दोन हंगाम झेंडू लावा. झेंडूच्या मुळांमुळे हे कृमी कमी होतात, शेतकरी पण हे करतात. मी तर आता अबोलीच्या वाफ्याच्या कडेने झेंडू लावतेच, दसऱ्याला फुलं पण होतात.

बाकी रोग फार नाहीत. पिठ्या ढेकूण कणसाच्या खाचांत लपतो, दिसला की जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून घासायचा, जास्त असेल तर ते कणीसच कापायचं. पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडायला लागली तर ते बहुतेक लोहाची कमतरता, बोअरच्या जड पाण्यावर असलेल्या कुंड्यांत फार दिसतं. चिलेटेड आयर्न मिळतं कृषी दुकानात, पाकिटावर लिहिलंय तेवढंच फवारायचं, आणि जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

उन्हाचं म्हणाल तर सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली ही अबोलीची आवडती जागा, पूर्वेची बाल्कनी असेल तर डोळे झाकून लावा. पूर्ण सावलीत पानं छान होतात, फुलं येत नाहीत. गच्चीत दिवसभर ऊन असेल तर मार्च ते मे शेडनेट हवं. माती कायम किंचित ओली, कोरडी पडली की कणसं लगेच करपतात, पण बुडाशी पाणी साचलं तर त्याहून वाईट. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं.

रोप वीतभर झालं की वरचा शेंडा खुडा. मन होत नाही, कळतं मला, पण खुडला नाही तर ते सरळ काठीसारखं वर जातं आणि एकच कणीस येतं, खुडलं की बाजूने चार फांद्या फुटतात आणि चार कणसं. पेरल्यापासून साधारण पाच-सहा महिन्यांत पहिलं कणीस दिसतं, जूनच्या रोपांना दिवाळीच्या पुढे-मागे. आणि एकदा सुरू झाली की ही वर्षभर फुलते, जोराच्या पावसात आणि कडक थंडीत थोडी कमी, पण पूर्ण कधी थांबत नाही. बियांची रोपं सगळी अगदी आईसारखी निघतील असं नाही, जवळपास पिवळी असेल तर एखादं रोप मधल्याच कुठल्यातरी रंगाचं येतं. मला ते आवडतं, पण तुम्हाला एकच रंग ठेवायचा असेल तर बियांसाठी ठेवलेलं झाड दुसऱ्या रंगापासून लांब ठेवा.

फुलं सकाळी लवकर काढायची, देठ नसतोच, लांब नळी असते, ती कणसातून हलकेच ओढली की सुटते. ओवायला सुई लागत नाही, केळीच्या सोपाचा धागा ओला करून त्याने गाठी मारत दोन-दोन फुलं समोरासमोर बसवायची. गोव्यात याला फाती म्हणतात, आमच्याकडे वळेसर. अबोलीला वास नाही म्हणून काही जण मधेमधे मोगऱ्याची कळी किंवा सुरंगी घालतात. वजनाला इतकी हलकी की केसात आहे हे कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पण ताजी दिसते, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर अजून टिकते. मोगऱ्याचं तसं नाही, तो संध्याकाळपर्यंत पिवळा.

दोन-तीन वर्षांनी झाड खाली लाकडासारखं होतं आणि फुलं फक्त टोकाला येतात, तेव्हा पावसाच्या तोंडावर गुडघ्याइतकं ठेवून छाटून टाका, नवीन फूट येते. छाटायच्या आधी मात्र झाडावरची वाळलेली कणसं आठवणीने काढून घ्या आणि पाकिटावर साल आणि रंग लिहून ठेवा. कोणाला पोस्टाने पाठवायची असतील तर न फोडलेली कणसं जाड कागदात गुंडाळून, वर एक प्लॅस्टिकचं पाकीट, आणि आत चिठ्ठी की पाणी लावू नका, डबा घेऊन बसा मगच लावा. गेल्या वर्षी माझ्या बहिणीला मी चिठ्ठी न घालता पाठवली होती, तिने फोन करून विचारलं की हे बी कुठे आहे यात, मग व्हिडिओ कॉलवर डबा, चार थेंब पाणी आणि टक्‌ टक्‌, तिला कुडाळचं मागचं अंगणच आठवलं.